ओढ्याकाठचे वीस गुंठे

“वहिनी, राग मानू नका, पण हिंदुरावांचं काही बरंवाईट झालंच, तर जाळणार कुठं?”

तहसील कचेरीच्या फाटकावरच्या हवालदारानं मला हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठीच आणलेला चहा होता. माणूस वाईट नव्हता. खरोखरच काळजीनं विचारत होता. तरी तो चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं मला वाटलं. ओतला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. माझे मालक आमरण उपोषणाला बसले होते ते स्मशानासाठीच. आमच्या गावाला मेलेलं माणूस जाळायला जागा नव्हती.

आमचं उंबरठाण धरणात गेलं आणि सरकारनं आम्हाला उचलून शिरगणीच्या माळावर आणून ठेवलं. प्लॉट दिले, शाळेची खोली दिली, पाण्याची टाकी दिली. टाकीत पाणी नव्हतं, पण टाकी होती. स्मशान तेवढं द्यायचं राहिलं. नकाशात गायरानातले ओढ्याकाठचे वीस गुंठे आमच्यासाठी दाखवले होते. शिरगणीकर म्हणायचे, तिथं आमची गुरं चरतात, नकाशा घाला चुलीत. त्यांचंही एका परीनं खरं होतं. दुसऱ्याची मढी आपल्या दारात कुणाला हवी असतात?

पहिलं माणूस गेलं ते सुताराची म्हातारी. शिरगणीच्या स्मशानात आम्हाला कुणी येऊ देईना, म्हणून तिला टेम्पोत घालून मागं धरणाकडं न्यायचं ठरलं, उंबरठाणची जी काही कड पाण्याबाहेर राहिली होती तिथं. वाटेत टेम्पो पंक्चर झाला. पेट्रोल पंपासमोर प्रेत घेऊन आम्ही भर उन्हात बसलो, आणि पंपावरचा माणूस येऊन म्हणाला, जरा पलीकडं घ्या, गिऱ्हाईक थांबत नाही. मालक त्या दिवशी घरी आले ते अर्ज लिहायलाच बसले. पुढं दोन वर्षं अर्जविनंत्या चालल्या. आणि मग एक दिवस मोकाशी सरांना घेऊन आले आणि सांगितलं, मी बसतोय.

मोकाशी सर म्हणजे धरणग्रस्तांच्या संघटनेचे पुढारी. माणूस तळमळीचा, पण बोलायला लागला की घड्याळ बघायचा नाही. मी त्यांना तोंडावर विचारलं की गावात दुसरं कुणी नाही का बसायला, यांना आधीच पित्ताचा त्रास. सर म्हणाले, हिंदुरावांच्या शब्दाला वजन आहे. मी म्हटलं, शब्दाला असंल, अंगाला कुठाय?

पण ते बसले. आणि अंगावर होतं तेही झरझर उतरायला लागलं. रोज सरकारी डॉक्टर यायचे, दंडाला पट्टा गुंडाळायचे, लघवी तपासायला न्यायचे आणि माझ्याकडं न बघता सरांशी हळू बोलायचे.  मी दिवसभर कचेरीसमोरच्या मांडवात बसायची. मालकांचे ओठ फुटले होते. उठून बसताना डोळे फिरायचे. मी पाण्याचा तांब्या पुढं केला की घ्यायचे आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचे.

“आक्का कशी आहे?”

मी म्हणायची, बरी आहे.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी नणंद, गजराबाई. मी त्यांना वन्सं म्हणायची. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हा मालक तीन वर्षांचे. वर्षभरात सासूबाई गेल्या आणि यांना वन्संनीच वाढवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती, पण ही एक नणंद दोन सासवांना भारी होती. भाकरी थापताना मागं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, कडा कच्च्या राहिल्या. आमचं काही फार गोड होतं असं नाही. मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पण त्यांची एक रीत मी कधी मोडली नाही. भाऊ जेवल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. तो शेतावर असो, बाजाराला गेलेला असो, उशीर झाला तर त्या चुलीपाशी बसून राहायच्या. तो जेवला की त्याच ताटात आपलं वाढून घ्यायच्या.

आता म्हणाल, मग उपोषणात काय झालं? मलाही पहिल्या दिवशी तीच धास्ती होती. मी सकाळीच भाकरी करून, कालवण करून ठेवलं आणि बजावलं की वन्सं, जेवून घ्या, नाहीतर मला तिकडं चैन पडायची नाही. त्या म्हणाल्या, “जेवते गं बाई. मी काय ल्हान हाय का?” संध्याकाळी आले तर भाकरी संपलेली, भांडं घासून पालथं घातलेलं. रोज तसंच. माझा जीव भांड्यात पडला. एका माणसाची तरी काळजी मिटली म्हटलं.

मग एका सकाळी चूल पेटवायला मी वैरणीच्या खोपट्यातून काटक्या आणायला गेले. तिथं कोपऱ्यात फडकं झाकलेली पाटी होती. फडकं उचललं तर आत भाकरी. वाळून कडक झालेल्या, एकावर एक. मी रोज करून ठेवलेल्या. एकही मोडलेली नव्हती.

मी तशीच घरात आले. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या अशा टेकून कधी बसायच्या नाहीत, ते मला तेव्हा उमगलं. माझं जाणं-येणं अंधारातलं, आणि माझं त्यांच्या तोंडाकडं नीट लक्ष जाईल अशी वेळच त्या येऊ देत नव्हत्या. उजेडात बघितलं तर गालाची हाडं वर आलेली. पाटी मी त्यांच्या पुढ्यात आपटली.

“हे काय चालवलंय तुम्ही?”

त्यांनी भाकरीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “टाकवंना, म्हणून ठेवल्या. कोंबड्यांना घालायच्या तर भिजवून घाल.”

मी भांडले. खूप भांडले. म्हटलं, यांनी बसायचं ते गावासाठी, तुम्ही कशासाठी? तुमचं नाव कुणी फलकावर लिहिलंय का, तुम्हाला तपासायला डॉक्टर येतोय का? आणि हे मुंबईला गिरणीत होते ती तीन वर्षं जेवत होतातच की तुम्ही.

“तवा त्यो तिकडं जेवत आसंल म्हणून मी जेवायची,” वन्सं म्हणाल्या. “आता मला ठावं हाय शालन, त्यो जेवत न्हाई. घास तोंडात घेते, पर खाली उतरतच न्हाई. मी मुद्दाम करते व्हय?”

मला रडू आलं. मी त्यांच्यापुढं हात जोडले, म्हटलं दूध तरी घ्या. त्यांनी माझा हात धरला. केवढीशी पकड, पण सोडेनात.

“हिंदूला सांगू नगं. त्याला कळलं तर त्यो उठंल, आन् मग समद्या गावाच्या कष्टाचं पाणी हुईल. सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

ही शपथ आमच्याकडं दिवसातून चार वेळा घातली जाते. शेजारीण साखर परत घेईना म्हणूनही घालतात. पण त्या सकाळी ती मला खरी वाटली.

एस.टी.त बसून तालुक्याला जाईपर्यंत माझ्या डोक्यात नुसतं काहूर. सांगितलं तर हे उठणार, त्यात मला तिळमात्र शंका नव्हती. उठले की वीस गुंठे गेले, सरांचं सगळं गेलं, आणि पेट्रोल पंपासमोर पुन्हा कुणीतरी आपलं मढं घेऊन बसणार. नाही सांगितलं तर म्हातारी जाणार. आणि एक सांगते, मनात असंही येऊन गेलं, की सांगितलं तर माझा नवरा तरी वाचेल. मला त्या वीस गुंठ्यांचं काय करायचं होतं? मला माझं माणूस हवं होतं. शपथेची भीतीही होतीच. कचेरीचं फाटक दिसलं तरी माझं ठरत नव्हतं.

मांडवात गर्दी होती. त्या दिवशी प्रांतसाहेब स्वतः आले होते. हातात कागद, मागं एक शिपाई लिंबूपाण्याचा पेला ताटलीत घेऊन उभा. फोटोवालाही होता. साहेबांनी वाचून दाखवलं की उंबरठाण पुनर्वसित गावठाणास स्मशानभूमीसाठी जागा देण्याची मागणी तत्त्वतः मान्य करण्यात येत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

“तत्त्वतः म्हणजे काय हो साहेब?” मी विचारलं.

“म्हणजे मान्यच. फक्त प्रक्रिया बाकी आहे.”

“म्हणजे जेवण तयार, फक्त चूल पेटवायची राहिली?”

लोक हसले. साहेबही कसनुसं हसले. मालकांनी डोळे मिटूनच मान हलवली, नाही म्हणून. सर म्हणाले की जागेचा ताबा मिळाल्याशिवाय उपोषण सुटणार नाही, हा आमचा शेवटचा शब्द. साहेबांनी घाम पुसला. डॉक्टर पुढं होऊन म्हणाले, मग यांना आजच दवाखान्यात हलवावं लागेल, नाडी बरोबर नाही. सगळे एकदम बोलायला लागले.

त्या गलक्यात मी मालकांच्या उशाशी वाकले आणि कानात सांगितलं. एकच वाक्य. तुम्ही बसल्यापासून वन्सं जेवलेल्या नाहीत, एवढंच. मी शपथ मोडली आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

त्यांनी डोळे उघडले.  पाणीसुद्धा जपून पिणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग कोपरावर उठले आणि शिपायाकडं हात केला.

“द्या तो पेला.”

सर धावत आले, म्हणाले हिंदुराव, हा कागद म्हणजे कचरा आहे, आज उठलात तर पुन्हा दहा वर्षं कुणी आपल्याकडं बघणार नाही. मालक म्हणाले, मला ठाऊक आहे. सर म्हणाले, मग कारण तरी सांगा. मालकांनी सांगितलं नाही. घरातलं दुखणं मांडवात सांगायचं नाही, असा त्यांचा हिशेब. साहेबांच्या हातून लिंबूपाणी घेतलं, फोटो निघाला, आणि आमच्याच गावची माणसं हळूहळू मांडवातून उठून गेली. कुणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागून कुणीतरी “बायकोनं उठवलं” म्हटलेलं मी ऐकलं. ऐकून घेतलं.

डॉक्टर दवाखान्याचंच म्हणत होते, पण मालकांना आधी आक्काकडं जायचं होतं. साहेबांच्या जीपनं आम्हाला घरी सोडलं. दिवेलागणीची वेळ होती. मालकांना दोघांनी धरून आत आणलं. वन्सं भिंतीपाशीच होत्या. त्यांनी भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता माझी शंभरी भरली.

“जागा मिळाली?” त्यांनी विचारलं.

मालक तिच्याजवळ टेकले. “मिळाली आक्का.”

“ओढ्याकाठची?”

“ओढ्याकाठची. वीसच्या वीस गुंठे.”

जन्मात हा माणूस तिच्याशी खोटं बोलला नव्हता. वन्संनी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “मग बघती काय? वाढ की त्याला.”

मी मऊ भात दुधात कालवून आणला. आधी मालकांनी दोन घास घेतले, मग स्वतःच्या हातानं बहिणीला भरवले. वन्संनी खाल्ले. चार-पाच घास असतील. खाताना मला म्हणाल्या, मीठ कमी आहे. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मीठ कमी म्हणाली म्हणजे माणूस ताळ्यावर आलं. सकाळी गाडी करून दोघांनाही दवाखान्यात न्यायचं ठरवून आम्ही अंथरुणं घातली.

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर त्या उठल्या नाहीत. हात लावला तर गार.

मालक रडले नाहीत. बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिले. गावातली माणसं जमली, काल रागावून गेलेलीही. कुजबुज सुरू झाली, टेम्पो सांगायचा का, धरणाकडं न्यायचं तर आत्ता निघायला हवं. तेवढ्यात मालक म्हणाले, “टेम्पो कशाला? आक्काला ओढ्याकाठी न्यायचंय.”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, ताबा कुठं मिळालाय? मालक म्हणाले, “मी तिला मिळाली म्हणून सांगितलंय.”

 माणसं उठली आणि आपापल्या घरातून लाकडं, गोवऱ्या घेऊन आली. मालकांना दोन पावलं चालवत नव्हतं, म्हणून एका बाजूनं मी धरलं. एक म्हातारा म्हणाला, बायकांनी स्मशानात यायचं नसतं. मी म्हटलं, ते अजून स्मशान कुठं झालंय?

सरण रचून झालं, वन्संना वर ठेवलं, आणि शिरगणीची माणसं आली. सरपंच दौलतराव पुढं, मागं वीस-पंचवीस जण, काहींच्या हातात काठ्या.  मालक ढेकळावर बसलेले, उभं राहायची ताकद नाही. मला वाटलं, आता इथं अजून दोनचार मढी पडणार.

दौलतराव म्हणाले, आधी कागद दाखवा, कुणाच्या परवानगीनं हे चाललंय.

“कागद नाही,” मालक म्हणाले. “माझी बहीण माझ्यासाठी उपाशी मेली, दौलतराव. मरताना मी तिला सांगितलं, जागा मिळाली. खोटं सांगितलं. तेवढ्यावर ती जेवली. आता ते खरं करायचं का खोटं ठेवायचं, तुम्ही सांगा. तुम्ही उचला म्हणालात तर मी उचलतो.”

 दौलतराव सरणाकडं बघत होते. काठीवाल्यांतलं एक पोर म्हणालं, उचला की मग, वाट कसली बघताय. तशी शिरगणीचाच एक पागोटेवाला म्हातारा पुढं आला आणि त्या पोराच्या हातातली काठी त्यानं काढून घेतली.

“सरणावर ठेवलेलं माणूस परत उचलत नाहीत,” तो म्हणाला. “एवढंसुद्धा शिकवलं नाही का रे कुणी?”

मग त्यानं पागोटं काढलं. ते बघून दौलतरावांनी टोपी काढली. मालकांनी माझ्या खांद्यावर भार देऊन तीन फेऱ्या घातल्या आणि अग्नी दिला. मी तिथंच उभी राहून हमसून हमसून रडले. तोवर रडायला सवडच मिळाली नव्हती.

त्यानंतर त्या जागेचा वाद आपसूक संपला. जिथं मढं जळलं तिथं कोण गुरं चारणार आणि कोण नांगर घालणार? पुढचा माणूस गेला तेव्हा आम्ही कुणाला विचारलं नाही आणि कुणी अडवलं नाही. प्रांतसाहेबांची बदली झाली, त्यांच्यानंतर कितीतरी आले आणि गेले. तत्त्वतः मान्य झालेलं अजून तत्त्वतःच आहे. सातबाऱ्यावर आजही ते गायरान आहे. पत्र्याची शेड मात्र आहे, आमदारांच्या फंडातून झालेली. तिच्या उद्घाटनाला मालकांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि भाषणात सांगितलं की हिंदुरावांच्या ऐतिहासिक उपोषणाचं हे फळ. मोकाशी सरही होते. त्यांना खरं काय ते नंतर कळलं होतं. ते स्टेजवर मान खाली घालून बसले होते. मालकांनी शाल घेतली आणि घरी येऊन वन्संच्या फोटोखालच्या खुंटीला अडकवली.

परवा, एवढ्या वर्षांनी, दुसऱ्या एका धरणाच्या गावातला रणजित नावाचा कार्यकर्ता दुपारचा घरी आला. तिशीचा असेल. त्यांच्याकडं पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता आणि तो उपोषणाला बसणार होता. मालकांचं नाव ऐकून भेटायला आला होता. मालक आता कमी ऐकतात, पण त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं.

“काका, खरं सांगा,” तो म्हणाला, “उपोषणानं टिकाऊ असं काही मिळतं का? का बसायचं, उठायचं आणि विसरायचं?”

मला वाटलं, हे नेहमीसारखं काहीतरी बोलून वाटेला लावतील. पण त्यांनी त्यालाच विचारलं की घरी कोण कोण आहे. तो म्हणाला, फक्त आई. लग्न व्हायचंय. आईची काळजी नाही काका, ती खंबीर आहे, तीच म्हणाली की बस बिनधास्त, माझं मी बघते.

“आक्काला विचारूनच बसलो होतो मी,” मालक म्हणाले. मला हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. “तीही हेच म्हणाली होती. अगदी हेच.”

रणजितला आमची हकिकत ठाऊक नव्हती. मी चहा ठेवता ठेवता ती त्याला सांगितली, थोडक्यात. त्यानं चहा अर्धाच प्यायला. मग उठून अंगणात गेला, मोबाइल कानाला लावला, आणि मला खिडकीतून त्याचं बोलणं ऐकू आलं. आई, जेवलीस का, असं तो विचारत होता. मग थोडं थांबून, काय जेवलीस ते सांग, म्हणत होता.